रॅम वाढवू की एसएसडी टाकू? आणि रॅमच्या आत नेमकं होतं काय?

सियागंज_हिशेब

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सियागंजातल्या काही व्यापाऱ्यांचं हिशेबाचं काम मी घरूनच करते. लॅपटॉपवर टॅली, मोठ्या एक्सेल शीट, जीएसटीचं पोर्टल आणि ब्राउझरच्या ढीगभर टॅब एकाच वेळी उघड्या असतात. रिटर्न भरायच्या दिवसांत लॅपटॉप अगदी रडकुंडीला आणतो. एका खिडकीतून दुसरीत गेलं की पडदा पांढरा होऊन बसतो, आतली डिस्क मात्र घरघरत राहते.

सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली. एकानं सांगितलं, रॅम १६ जीबी करा. दुसरा म्हणाला, रॅम राहू द्या, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची डिस्क, टाका. भाऊजींचं तिसरंच. त्यांच्या फोनवर "८ अधिक ८ जीबी रॅम" असं लिहिलंय, तेव्हा लॅपटॉपमध्येही सेटिंग बदलून रॅम वाढत असणार!

त्यात माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिनं विचारलं, "आई, हार्ड डिस्क वर्षानुवर्षं फाइल सांभाळते, मग रॅम लाईट गेल्याबरोबर सगळं का विसरते? आणि विसरतेच, तर अशी वस्तू बनवतात कशाला?"

दोन्ही प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. विनंती एवढीच, की घरगुती दाखले देऊ नका, ते ऐकून झालेत. आत प्रत्यक्षात काय घडतं ते कळलं तर पुढच्या वेळी दुकानात मी स्वतःच ठरवू शकेन.

नारायणबागकर

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या खरेदीचं उत्तर त्यातूनच निघेल.

आजच्या रॅममध्ये, म्हणजे चालू काम ठेवायच्या मेमरीत, एक बिट (एक ० किंवा १) ठेवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर लागतो. कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. ट्रान्झिस्टरचं काम स्विचचं: वाचताना-लिहिताना कॅपॅसिटर तारेला जोडायचा, एरवी तोडून ठेवायचा. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि ४ जून १९६८ रोजी तिचं पेटंट मिळालं. तोवर चिपवर एका बिटासाठी सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडत. सहाच्या जागी एक आल्यावर तेवढ्याच सिलिकॉनमध्ये कितीतरी जास्त बिट मावू लागले. १९७०च्या ऑक्टोबरात इंटेलनं ११०३ ही चिप बाजारात आणली. तिच्यात एका बिटाला तीन ट्रान्झिस्टर होते आणि सगळे मिळून १,०२४ बिट मावायचे. बाजार बदलायला तेवढंही पुरलं.

आता विसरण्याचं कारण. हा कॅपॅसिटर फार म्हणजे फारच लहान असतो, जेमतेम दहा-वीस फेमटोफॅरडचा. त्यातला भार ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडाथोडा झिरपतो. म्हणून रॅमला ठरावीक वेळात प्रत्येक खण, म्हणजे ट्रान्झिस्टर-कॅपॅसिटरची प्रत्येक जोडी, वाचून पुन्हा पूर्ण भरावा लागतो. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये ही मुदत ६४ मिलिसेकंद आहे. म्हणजे तुम्ही एक्सेलमध्ये बसून विचार करताय, बोटही हलत नाहीये, तरी तुमचा प्रत्येक आकडा सेकंदाला पंधराएक वेळा वाचून परत लिहिला जातोय. यालाच रिफ्रेश म्हणतात.

तेव्हा मुलीला सांगा, रॅम लाईट गेल्यावर विसरायला लागते असं नाही. ती चालू असतानाही विसरतच असते. वीज असेपर्यंत तिला पुन्हा पुन्हा भरलं जातं, वीज गेली की ते भरणं थांबतं.

माळवी_विद्यार्थी

काका, मग फ्लॅश का नाही विसरत? पेन ड्राइव्ह, एसएसडी, फोनचं स्टोरेज, तिथेही विद्युतभारच साठवतात ना?

नारायणबागकर

हो, भारच साठवतात. पण फ्लॅशमध्ये तो भार चारी बाजूंनी इन्सुलेटर असलेल्या थरात कोंडलेला असतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये हे तंत्र जगापुढे मांडलं, आणि आज एसएसडीत असते ती नॅन्ड जातीची रचना १९८७मध्ये. कोंडलेला भार बाहेर पडू शकत नाही, म्हणून वीज नसतानाही तो वर्षानुवर्षं टिकतो.

पण जो इन्सुलेटर भाराला बाहेर जाऊ देत नाही, तोच लिहिताना भाराला आतही येऊ देत नाही. तो भेदून इलेक्ट्रॉन आत ढकलायला चिपच्या आत पंधरा-वीस व्होल्टचा दाब तयार करावा लागतो. त्यात वेळ जातो, आणि दर वेळी इन्सुलेटर थोडा झिजतो. एका खणात तीन बिट ठेवणारी फ्लॅश साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसून लिहिता येते, मग तिचा भरवसा उरत नाही. रॅमचा खण सेकंदाला लाखो वेळा लिहा, तिला झीज नाही.

टिकाऊपणा आणि चपळाई एकमेकांच्या आड येतात ते इथे. वर्षानुवर्षं टिकेल, एका क्षणात लिहिता येईल, कधी झिजणार नाही आणि स्वस्तही असेल, अशी मेमरी अजून बाजारात सर्रास मिळत नाही. म्हणून एकाच संगणकात तीन-चार जातींच्या मेमऱ्या ठेवाव्या लागतात. रॅम विसरते ती याच सौद्यामुळे, आणि सौदा फायद्याचा आहे.

लष्कर_ग्वाल्हेर

काकांनी पाया छान घातला. मी लॅपटॉप दुरुस्तीतला माणूस, आता ताईंच्या लॅपटॉपकडे येतो.

ताई, तीन आकडे डोक्यात ठेवा. प्रोसेसरनं रॅमकडे काही मागितलं तर ते साधारण १०० नॅनोसेकंदात हाती येतं. एसएसडीकडून तेच यायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपट जास्त. आणि फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे रॅमच्या एक लाख पट. हार्ड डिस्कचं कारण सरळ यांत्रिक आहे. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, तर एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, वर डोकं आडवं सरकवायचा वेळ वेगळा. जास्त फेऱ्यांची महाग डिस्क घेतली तरी हे थांबणं थोडं कमी होतं, जात नाही.

आता रॅम भरली की विंडोज काय करतं? ज्या प्रोग्रामला बराच वेळ हात लावलेला नाही, त्याची पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं. तुम्ही त्या खिडकीवर परत आलात की ती पानं डिस्कवरून उचलून आणायची. तुमचा पडदा पांढरा होतो आणि डिस्क घरघरते, ते बहुतेक हेच. तिथे प्रोसेसर रिकामा बसून एक लाखपट संथ वस्तूची वाट पाहत असतो.

तर काम जोरात चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. इन यूज किती, कमिटेड किती, स्पीड किती आणि स्लॉट्स यूज्ड काय लिहिलंय, ते इथे टाका. शेजारीच डिस्कचा आलेख असतो, तो १०० टक्क्यांना चिकटलेला आहे का तेही बघा. नुसतं "८ जीबी आहे" यावरून कोणी सल्ला देत असेल तर तो अंदाजच.

बडोदेकर_मांडवी

ताईंचे आकडे येईपर्यंत फोनच्या "८ अधिक ८" बद्दल. ती दुसरी आठ जीबी रॅम नव्हेच. फोनच्या स्टोरेजचा, म्हणजे फ्लॅशचा, एक तुकडा बाजूला काढून रॅममधली निजलेली ॲप तिकडे ठेवतात. वर लष्करवाल्यांनी सांगितलेली पेजफाइल आणि ही, गोष्ट एकच. उपयोग होतो, मागची ॲप पटकन बंद पडत नाहीत. पण वेग फ्लॅशचा, आणि फ्लॅश झिजते ते काकांनी सांगितलंच आहे. जाहिरातीत दोन्ही आकडे एकाच मापानं बेरीज करून छापतात, हे मला मुळीच पटत नाही. दोन वस्तूंमध्ये हजारपटीचा फरक असताना त्यांची बेरीज करून गिऱ्हाइकाला दाखवणं बरोबर नाही.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये झेडरॅम नावाची आणखी एक सोय असते. तिच्यात न वापरलेली पानं दाबून लहान करून रॅममध्येच ठेवतात. ती खरंच कामाची आहे, कारण माल फ्लॅशकडे जातच नाही. विंडोजही मेमरी अशी दाबून ठेवतं.

माळवी_विद्यार्थी

एक शंका. प्रोसेसर एका नॅनोसेकंदात तीन-चार ठोके घेतो. रॅमला १०० नॅनोसेकंद लागत असतील तर दर वेळी तीन-चारशे ठोके वाया. तसं असेल तर रॅम हीसुद्धा संथच म्हणायची!

नारायणबागकर

अगदी बरोबर पकडलंस. प्रोसेसरच्या हिशेबात रॅम संथच आहे, म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची छोटी, चपळ मेमरी असते. ती सहा ट्रान्झिस्टरच्या जुन्या रचनेची, एसरॅम. सहा ट्रान्झिस्टर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे वीज आहे तोवर रिफ्रेश लागत नाही, आणि वाचायला एखादा नॅनोसेकंद पुरतो. पण जागा फार खाते. म्हणून सगळ्यात आतली एल१ कॅश प्रोसेसरच्या एका कोअरला, म्हणजे गणना करणाऱ्या एका भागाला, ३२ किंवा ४८ केबी एवढीच असते, बाहेरची एल३ काही एमबी.

आता रॅमच्या आत वाचन कसं होतं ते बघ. ८ गिगाबिटची एक नेहमीची डीडीआर४ चिप घे. तिच्यात १६ बँका, म्हणजे खणांचे वेगवेगळे गट, प्रत्येक बँकेत ६५,५३६ ओळी, आणि एका ओळीत १,०२४ रकाने, रकान्याला आठ बिट. गुणाकार कर, ८,५८,९९,३४,५९२ खण येतात. अशा आठ चिपा एका पट्टीवर बसवल्या की झाली ८ जीबीची स्टिक.

प्रोसेसरला त्यातला एखादा आकडा हवा असला तरी रॅम तो एकटा काढून देऊ शकत नाही. आधी त्या बँकेतली आख्खी ओळ उघडावी लागते. ओळीतल्या सगळ्या कॅपॅसिटरांचे स्विच एकदम चालू होतात, भार तारांवर येतो, आणि तारेच्या टोकाला असलेले सेन्स ॲम्प्लिफायर तो अतिसूक्ष्म फरक ओळखून त्याचा ठाम ० किंवा १ करतात. या वाचण्यात कॅपॅसिटर रिकामा होतो! म्हणून तोच ॲम्प्लिफायर मूल्य परत कॅपॅसिटरमध्ये भरतो. रॅममधलं प्रत्येक वाचन हे वाचून पुन्हा लिहिणं असतं. रिफ्रेशही वेगळं काही नाही, ओळ उघडायची आणि बंद करायची.

ओळ एकदा उघडली की तिच्यातले पुढचे रकाने झटपट मिळतात. त्याच बँकेतली दुसरी ओळ हवी असेल तर मात्र पहिली बंद करा, दुसरी उघडा, मग वाचा. "रँडम ॲक्सेस" असं नाव असलं तरी कुठलाही पत्ता सारख्याच वेळात मिळतो, असं आजच्या रॅममध्ये नाही.

हे तुला घरी पाहता येईल. सी भाषेत पूर्णांकांचा मोठा चौकोनी तक्ता घे, दोन्ही बाजूंना काही हजार घरं. एकदा त्याची बेरीज ओळीनं कर, एकदा रकान्यानं. बेरीज तीच, पण रकान्यानं करताना कित्येक पट वेळ लागेल. कॅशमध्ये माल एका वेळी ६४ बाइट येतो, म्हणजे चार बाइटचे सोळा पूर्णांक. ओळीनं गेलास तर सोळाही वापरलेस, रकान्यानं गेलास तर एक वापरून पंधरा टाकून दिलेस.

माळवी_विद्यार्थी

करून पाहिलं काका. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आमच्या पुस्तकात दोन्ही लूप "सारखेच" म्हणून दिलेत, कारण पायऱ्या सारख्या मोजल्या जातात. हे वर्गात आधी सांगायला हवं होतं.

बडोदेकर_मांडवी

थोडं मागचं सांगतो, कारण वाचताना पुसलं जाणं हे नवीन नाही. रॅमच्या चिपा यायच्या आधी फेराइटच्या बारीक कड्यांची कोअर मेमरी असायची. एका कड्यात एक बिट, चुंबकत्वाची दिशा म्हणजे ० किंवा १. तिथेही वाचलं की पुसलं जायचं आणि परत लिहावं लागायचं. मात्र वीज गेली तरी ती विसरत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये सुरू झाला. त्यात अशीच कोअर मेमरी होती, २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १० केबी. त्या १० केबीवर देशातल्या शास्त्रज्ञांनी खरीखुरी गणितं सोडवली, याचा मला फार अभिमान वाटतो.

सियागंज_हिशेब

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी आणि मी दोघींनी बसून वाचलं. सेन्स ॲम्प्लिफायरचा भाग तिनं मला परत समजावून दिला.

आकडे देते. टॅली, तीन एक्सेल, पोर्टल आणि टॅब उघड्या असताना:
इन यूज ७.४ जीबी, एकूण ८ पैकी.
कमिटेड ११.८ जीबी.
स्पीड २६६६. स्लॉट्स यूज्ड २ पैकी २.
डिस्कचा आलेख १०० टक्क्यांवर, आणि तिथे एचडीडी असं लिहिलंय.

मेमरी डीडीआर४ दाखवतोय. स्लॉट दोन्ही भरलेले म्हणजे आता जागाच नाही का?

लष्कर_ग्वाल्हेर

छान, आता नीट बोलता येईल. कमिटेड ११.८ म्हणजे तुमच्या प्रोग्रामांना विंडोजनं तेवढी मेमरी द्यायचं कबूल केलंय. खरी रॅम आहे ८. सगळा ११.८ एकाच क्षणी लागतो असं नाही, पण चारेक जीबीची तूट आहे आणि ती तुमच्या फिरत्या डिस्कवर भागवली जातेय. सिल्व्हर मॉलमधले दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते.

स्लॉटचं: या पिढीतल्या बऱ्याच लॅपटॉपांत ४ जीबी मदरबोर्डवरच झाळलेली असते आणि ४ जीबीची एक पट्टी खाचेत असते. टास्क मॅनेजर झाळलेल्या चिपांनाही कित्येकदा स्लॉटच म्हणतो. तुमचं तसं असेल तर ४ची पट्टी काढून ८ची बसवा, एकूण १२ होईल. १६ची चालते का, ते मॉडेलच्या माहितीत बघून मगच घ्या.

पट्टी घेताना डीडीआर४, लॅपटॉपची, २६० पिनांची, १.२ व्होल्टची. डीडीआर३ची पट्टी २०४ पिनांची आणि डीडीआर५ची २६२, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर करू नका. ३२०० लिहिलेली मिळाली तर चालेल, ती २६६६ला उतरून काम करेल.

माझ्या हिशेबानं आधी एसएसडी. चालू करणं, टॅली उघडणं, अपडेट, सगळ्यात फरक पडेल, आणि पेजफाइलही एसएसडीवर गेली की आजची तूट शंभरपट कमी जाचेल. पैसे उरले की रॅम.

नारायणबागकर

इथे माझं मत थोडं निराळं. एसएसडी हवीच, त्यात वाद नाही. पण चार जीबीची तूट रोजची असेल तर ती फ्लॅशवर भागवत राहणं म्हणजे दुखणं झाकणं. एसएसडी झाली तरी रॅमच्या हजारपट संथच आहे, आणि रोज दिवसभर पानं आत-बाहेर करणं म्हणजे फुकटची झीज. ताईंचं काम हिशेबाचं, रोजचं. शक्य असेल तर दोन्ही एकदम करा.

आणि १२च्या पुढे धावू नका. तुमचं काम १२मध्ये मावलं की ३२ टाकून वेग वाढणार नाही. जास्तीची जागा विंडोज वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला वापरेल, ते चांगलंच, पण टॅलीची बेरीज त्यानं लवकर होत नाही.

माळवी_विद्यार्थी

स्पीडचा आकडा वाढला तर? डीडीआर५ ४८०० म्हणजे दुप्पट तेज नाही का?

नारायणबागकर

माल वाहण्यात तेज, पहिला आकडा हाती येण्यात नाही. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून आकडा येईपर्यंत जाणारे रॅमचे ठोके. डीडीआर३ १६००, सीएल ११: उघड्या ओळीतून वाचायला १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर४ ३२००, सीएल २२: तेच १३.७५. डीडीआर५ ४८००, सीएल ४०: १६.६७! पंधरा-वीस वर्षांत हा काळ जवळपास हललेला नाही, कारण बारीक कॅपॅसिटर, लांब तार आणि सेन्स ॲम्प्लिफायर ही भौतिकी तीच आहे. वाढली ती वहनक्षमता. डीडीआर४ ३२०० एका चॅनलमधून, म्हणजे रॅम ते प्रोसेसर अशा एका वाटेनं, सेकंदाला २५.६ जीबी देते, डीडीआर५ ४८०० देते ३८.४. व्हिडिओ किंवा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स यांना त्याचा चांगला फायदा. म्हणूनच एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन चॅनलमध्ये वाटलेली रॅम बरी. ताईंच्या ४ अधिक ८ मध्ये पहिले ८ जीबी दोन्ही चॅनलमधून चालतील, उरलेले ४ एकातून.

लष्कर_ग्वाल्हेर

एक उन्हाळ्याचं राहिलं. कॅपॅसिटरची गळती उष्णतेनं वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की डीडीआर४ची रिफ्रेशची मुदत ६४वरून ३२ मिलिसेकंदांवर आणावी लागते. ८ गिगाबिटच्या चिपेत एरवीच वेळेचा साडेचार टक्के भाग रिफ्रेशमध्ये जातो, तो दुप्पट होतो. आमच्याकडे मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून चालवणारे येतात, त्यांना मी आधी पंखा आणि जाळी साफ करून देतो. इंदूरचा उन्हाळा सौम्य, तरी गादी टाळाच.

सियागंज_हिशेब

मुलीचे पुढचे दोन प्रश्न. लॅपटॉप मिटून ठेवला तर रॅममधलं टिकतं, मग ते कसं? आणि लाईट गेल्यावर विसरायला किती वेळ लागतो?

नारायणबागकर

मिटून ठेवलं की स्लीप. तेव्हा प्रोसेसर झोपतो, पण रॅमला बॅटरीतून थोडी वीज मिळत राहते आणि ती स्वतःचं रिफ्रेश स्वतः करते. बॅटरी संपली की गेलं. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर आधी डिस्कवर लिहितात आणि मग वीज पूर्ण तोडतात, ते टिकतं. पावसाळ्याच्या तोंडावर वारंवार लाईट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी थकलेली असेल, तर काम अर्धवट सोडून उठताना हायबरनेट करा. हिशेबवाल्यांनी ही सवय लावूनच घ्यावी.

विसरण्याचा वेळ मात्र पुष्कळांना वाटतो त्याहून जास्त आहे. ६४ मिलिसेकंद ही सगळ्यात कमकुवत खणासाठी ठेवलेली मर्यादा आहे, बहुतेक खण त्याहून कितीतरी जास्त टिकतात. २००८मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं दाखवलं, की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद वाचता येतो, आणि चिपा उणे ५० अंशांपर्यंत गार केल्या तर दहा मिनिटांनीही एक टक्क्याहून कमी बिट गेलेले असतात. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामांच्या किल्ल्या त्यांनी अशाच रॅममधून काढून दाखवल्या. म्हणून ज्यांचा डेटा नाजूक आहे त्यांनी लॅपटॉप प्रवासात स्लीपमध्ये नेऊ नये, बंद करून न्यावा.

बडोदेकर_मांडवी

रॅममधला बिट आपोआप उलटल्याचंही एक उदाहरण आहे. १८ मे २००३, बेल्जियमची निवडणूक. स्खारबेक या ठिकाणी एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली. फेरमोजणीत जादा मतं निघाली बरोबर ४,०९६. म्हणजे दोनचा बारावा घात, एकच बिट ०चा १ झाल्याची खूण. तपासणाऱ्यांचा निष्कर्षही तोच निघाला. बँकांच्या आणि इतर मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते. डीडीआर५च्या चिपांत पोटातल्या पोटात दुरुस्ती असते, पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेची राखण ती करत नाही. दुकानदार "ईसीसीवाली" म्हणाला तर हा फरक विचारा.

किमतीबद्दल: २०२५च्या उत्तरार्धात रॅम खूप महागली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या, चिपांवर चिपा रचलेल्या एचबीएम मेमरीकडे कारखान्यांनी आपली क्षमता वळवली. खण तोच, एक ट्रान्झिस्टर एक कॅपॅसिटर, गिऱ्हाईक बदललं. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते, त्यामुळे त्यांचा कल बदलला की आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत कळ पोचते. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. आमच्या गुजरातेत साणंदला त्याच कंपनीचा प्रकल्प २०२३मध्ये जाहीर झाला, पण तो चिपांच्या जोडणीचा आणि चाचणीचा आहे. सिलिकॉनवर खण कोरण्याचं काम तिथलं नाही. त्यानं आपल्याकडे रॅम लगेच स्वस्त होईल अशी आशा धरू नका.

सियागंज_हिशेब

दोन्ही एकदम करायचं ठरवलं. ८ जीबीची पट्टी आणि एसएसडी आणली. मागचं झाकण काढून मुलीनं पाहिलं: झाळलेल्या चिपा एका बाजूला, ४ जीबीची पट्टी खाचेत, लष्करभाऊंनी सांगितलं तसंच. बसवताना काय काळजी घ्यायची तेवढं सांगा.

लष्कर_ग्वाल्हेर

ताई, आधी हिशेबाच्या सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर. मग लॅपटॉप शट डाउन, स्लीप नको. चार्जर काढा, आणि आतल्या बॅटरीची जोडणी सुटी करा, कारण बॅटरी लागलेली असेल तर रॅमच्या खाचेला वीज असू शकते. कुठल्याही धातूच्या नळाला हात लावून मग कामाला बसा, पट्टी कडेनं धरा, सोनेरी पिनांना बोट नको. दोन्ही बाजूंच्या चिमट्या फाकवल्या की जुनी पट्टी वर उचलली जाते. नवी तिरपी आत सारा, पिना दिसेनाशा झाल्या की खाली दाबा, चिमट्या "टक" करून बसतील.

चालू केल्यावर पहिल्यांदा पडदा थोडा वेळ काळा राहिला तर घाबरू नका, लॅपटॉप नव्या पट्टीची जुळवणी करत असतो. नंतर विंडोजचं मेमरी डायग्नॉस्टिक रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी वॉरंटीत परत करा, "एवढ्यानं काय होतं" म्हणून ठेवू नका. हिशेबाच्या यंत्रात ते चालत नाही. ४ची जुनी पट्टी जपून ठेवा, नवीवर शंका आली तर तपासायला तीच लागेल. आणि आठवडाभर काम झाल्यावर कमिटेडचा आकडा पुन्हा टाका, १२च्या आत राहिला तर यापुढे खर्च नाही.